हर्मीनियाचा जाड काप

पोर्तोच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत हर्मीनिया सत्तावीस वर्षं एकच काम करत होती: रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवून त्याचे काप घेणं. दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा, काप ती असा काढायची की पाण्यावर सोडला तर शोधायला चष्मा लागावा. घरीही तिचा हात तसाच चाले. तिचा नवरा झेफेरीनो ताटातला हॅम खिडकीकडे धरून म्हणे, "यातून मला पेपरातला फुटबॉलचा निकाल वाचता येतो गं. खायला काय देतेस?"

"जाड कापायला खाटीक आहेत की."

तिच्या माहेरच्या, पोव्हुआच्या कोळी वस्तीतून 'पायांच्या आजारा'चे तुकडे येत. त्यांचे काप आठ मायक्रॉनचे घ्यायचे, असा नियम होता. जाडीचे नियम अडाणी हातांसाठी असतात, हे हर्मीनियाचं ठाम मत. तिने ते काम शेजारच्या यंत्रावरच्या इडालिनावर ढकललं होतं आणि चीजसारखे जाड काप घेते म्हणून वर तिलाच ती 'चीजवाली' म्हणे.

मग फिर्मीनोचा तुकडा आला. माहेरच्या शेजारणीचा मुलगा, चौतीस वर्षांचा, बोटीवर जाणारा. शेगडीला टेकलेला पाय भाजला तरी त्याला कळलं नव्हतं. त्याचा बाप याच आजाराने गेलेला. आता निदान उपाय होता: बिघडलेलं प्रथिन यकृतातून येतं, तेव्हा यकृतच बदलायचं. पण पायाच्या मज्जातंतूत ते सापडलं तरच यकृतासाठीच्या यादीत नाव लागणार.

"मावशी, माझा तुकडा त्या चीजवालीकडे देऊ नकोस," फिर्मीनो म्हणाला. "तूच काप."

हर्मीनियाने सगळी माया पात्यात ओतली. दोन मायक्रॉन. इतका देखणा काप तिने स्वतःसुद्धा पाहिला नव्हता. मग त्याला काँगो रेड रंग चढवला.

दुसऱ्या दिवशी काप तपासणाऱ्या डॉक्टर अबीलियोंनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि त्यातल्या दोन खास काचा एकमेकींना आडव्या फिरवल्या. आजार असेल तिथे कच्च्या सफरचंदासारखं हिरवं उजळायला हवं. सगळा अंधार. शेजारी तुलनेसाठी ठेवलेला, दुसऱ्या रोग्याचा इडालिनाने घेतलेला काप मात्र झकास हिरवा.

"पोरगा सुटला, दोना हर्मीनिया. 'आढळलं नाही' लिहितो."

तिला आनंद व्हायला हवा होता. पण भाजलेला पाय तिने डोळ्यांनी पाहिला होता. आणि तिच्या कापावरचा लाल रंग धुतलेल्या वाइनच्या डागासारखा फिकट होता.

"डॉक्टर, हा रंग धरतो कसा? साधं सांगा."

"सार्डिन माशांचा डबा आठवा. बिघडलेल्या प्रथिनाचे लांब धागे होतात, त्यांच्या अंगावर उभ्या खाचा असतात. रंगाचे रेणू त्या खाचांत ओळीने, एकाच दिशेने झोपतात. त्या शिस्तीमुळे हिरवं दिसतं. बाकी ठिकाणी सार्डिन टोपलीत ओतल्यासारखे पडलेले, म्हणून अंधार."

"आणि डब्यात दोनच सार्डिन असले तर?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. "किती मायक्रॉनचा घेतलात?"

पलीकडे इडालिनाचं यंत्रही थांबलं.

"दोन," हर्मीनिया म्हणाली. "माझा काप चुकला."

हे वाक्य त्या खोलीने प्रथमच ऐकलं. ती वडी घेऊन इडालिनापुढे बसली. "चीजवाली, आठचा कसा घेतात ते दाखव."

"हात सैल सोडा, दोना. सुंदर काढायचा नाही, नुसता काढायचा."

"तोंड आवर."

पाण्यावर काप तरंगला, चांगला जाडजूड. रंगवून, धुऊन, दुपारी तो सूक्ष्मदर्शकाखाली गेला. मज्जातंतूच्या कडेने हिरव्या ठिणग्या होत्या. डॉक्टरांनी पहिला कागद फाडला. हर्मीनिया स्टुलावर टेकली. वाईट बातमी मिळावी म्हणून आपण सकाळपासून मनात प्रार्थना करतोय, हे तिला आत्ता कळलं.

फिर्मीनोचं नाव यादीत लागलं. अकरा महिन्यांनी यकृत मिळालं. पायांची गेलेली जाणीव परतली नाही, पण आजार होता तिथेच थांबला.

शस्त्रक्रियेतून बरा होऊन तो एका रविवारी जेवायला आला. "मावशी, माझा काप फार सुंदर काढला होतास म्हणे?"

"पहिला. दुसरा भयंकर होता."

"दुसऱ्याबद्दल आभार."

झेफेरीनोने सवयीने ताटातला हॅम खिडकीकडे धरला. पलीकडचं काहीच दिसेना. त्याने बायकोकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने खायला घेतला.