उंदरांनी पाय उचलले नाहीत

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, दादाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, तेही धड ठाऊक नाही – पण बसलाच आहात समोर, तर ऐका.

बदलापूरच्या एका कॉलेजात मी एम.फार्म. करत होते. बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या एका वेलीच्या पानांचा अर्क, आणि त्यानं दुखणं थांबतं का – एवढाच माझा विषय. दुखणं उंदरांचं. पांढऱ्या उंदराला अर्क पाजायचा आणि त्याला तापलेल्या प्लेटवर सोडायचं. चटका बसला की तो पंजा चाटतो, नाहीतर उडी मारतो. मग लगेच उचलून घ्यायचा. पंजा चाटायला जितका उशीर, तितकं औषध चांगलं. ऐकायला वाईट वाटतं ना? मला तेव्हा वाटायचं नाही. सवय होते.

माझे उंदीर उडी मारायचेच नाहीत. भाजू नयेत म्हणून ठरलेली वेळ झाली की मीच उचलायचे. सर खूश. माझे तर पाय जमिनीला लागत नव्हते.

एक चाचणी मात्र राहिली होती. अर्क दिलेला उंदीर फिरत्या दांड्यावर ठेवायचा – तोल सांभाळतो का, हातपाय चालतात का, ते बघायला. लॅबमध्ये कोणी नसताना मी ते केलं. उंदीर टपाटप खाली पडले, ओल्या फडक्यासारखे. म्हणजे – कळलं ना? दुखणं थांबलंच नव्हतं. त्यांना हलता येत नव्हतं. प्लेटवर त्यांच्या मिशा थरथरायच्या, ते मी रोज बघत होते. चटका सगळा बसत होता.

मी ते गिळून टाकलं. सरांना म्हटलं, दांड्यावर ठीक आहेत. डिग्री मिळाली, टाळ्या मिळाल्या. एवढंच असतं तर कदाचित मी विसरलेही असते.

अंबरनाथ पश्चिमेला आमचं घर. आईनं विहारातल्या सगळ्या बायांना सांगून ठेवलं होतं, "माझ्या पोरीनं दुखण्यावर औषध काढलंय." आणि मग तिच्याच हाडांत कॅन्सर गेला. दवाखान्याच्या गोळ्या पोटात ठरेनात. ती विव्हळायची आणि दादा भिंतीला डोकं लावून बसायचा. "बाळा, तुझं औषध दे ना गं," ती म्हणाली. "जगाला देशील, मला नको?"

तेव्हाच बोलायचं होतं. एक वाक्य – आई, ते औषध नाही. तिचा अभिमान मोडवला नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खोटं. मला दादासमोर उघडं पडायचं नव्हतं. घरच्या फ्रीजमध्ये ठेवलेली उरलेल्या अर्काची बाटली काढली आणि चमच्यानं पाजलं.

थोड्या वेळानं ती शांत झाली. दादा रडला. किती दिवसांनी घरात पंख्याचा आवाज ऐकू आला. मी तिच्यावर वाकले. डोळे उघडे होते. त्यातलं पाणी ओघळून कानात जात होतं आणि ते पुसायला तिचा हात उठत नव्हता. ओठाचा कोपरा थरथरत होता. ते थरथरणं मी ओळखलं. माझ्याशिवाय कोण ओळखणार होतं?

सकाळी अर्काचा अंमल उतरल्यावर तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. मी काही विचारलं नाही. आणि संध्याकाळी पुन्हा पाजलं. हे – हे सांगायचं होतं. पहिल्यांदा भित्री होते, म्हणा. दुसऱ्यांदा मला माहीत होतं. घरात शांतता हवी होती. दादाला, शेजाऱ्यांना, मला.

पुढच्या वेळी चमचा जवळ नेला तर तिनं ओठ घट्ट मिटले आणि माझ्याकडे बघत राहिली.

"हट्ट करतेय," दादा म्हणाला. "थांब, मी हनुवटी धरतो."

त्यानं धरली. मी पाजलं.

आई शेवटी शांतपणे गेली, असं दादा अजून सगळ्यांना सांगतो. मी शेजारी बसून मान डोलावते.