मोठ्याईची खिरापत

मोठ्याईच्या तेरवीला जेवता जेवता कोणीतरी म्हणालं, "बाई फार देवभोळी होती." मला असा संताप आला की घास तसाच ताटात ठेवला. देवभोळी? अहो, देवाशी भांडायची ती! रोज सकाळी अंघोळ करून देवघरासमोर बसली की आधी पूजा, मग गाऱ्हाणं आणि शेवटी देवालाच दम. "एवढ्या दिवसांपासून सांगून राहिली तुले, कान आहेत का नाही?" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. पण एकही उपास तिनं कधी मोडला नाही, आणि खोटं बोलणं तर तिच्या घरात चोरीपेक्षा वाईट. आमच्या साहिलनं गृहपाठ झाला म्हणून थाप मारली, तर दोन दिवस ती पोटच्या पोराशी बोलली नव्हती.

मोठ्याई म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको, जयवंताबाई. पण नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून शाळामास्तरांपर्यंत सगळे तिला मोठ्याईच म्हणायचे. शिक्षण चौथी. गल्लीतल्या किती पोरांचे पाढे तिनं पोळ्या लाटता लाटता पाठ करून घेतले, त्याला गणती नाही.

मी मयुरा. जिल्हा न्यायालयात वकिली करते. बोलायला लागले की समोरचा वकील खुर्चीत चुळबुळ करतो, असं माझे पक्षकार कौतुकानं सांगतात. त्यांना काय माहीत, सातव्या वर्षी मी मुकी होते म्हणून!

जन्माची नाही. कुहीजवळच्या आमच्या गावी पावसाळ्यात आई तापानं गेली आणि त्या दिवसापासून माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आजीनं ठरवलं, पोरीला बाहेरची बाधा झाली. गावात एक भगत होता. तो मिरच्यांची धुरी द्यायचा आणि छडीनं मारून बाधा काढायचा. एकदा नेलं मला त्याच्याकडे. बाबा वाईट नव्हते हो, पण आजीपुढे त्यांची मान कधी वर झाली नाही. पोळ्याला मोठ्याई गावी आली, तिनं माझ्या पाठीवरचे वळ पाहिले आणि घर डोक्यावर घेतलं.

"भाऊजी, लाज नाही वाटत? मायविना पोर आहे ते! मी नेते तिले नागपूरले."

आजीनं अट घातली, कोजागिरीपर्यंत बोलली तर ठीक. नाही तर परत आणायची आणि पुन्हा भगताकडे न्यायची. मोठ्याई म्हणाली, "मंजूर." जबानीची पक्की बाई, एकदा बोलली की बोलली.

नागपूरला आणल्यावर तिनं आधी डॉक्टरांना दाखवलं. घसा ठणठणीत आहे, धीर धरा, असं ते म्हणाले. घरातले सगळे "बोल ना मयुरा" करून मागे लागत, पण मोठ्याईनं एकदाही म्हटलं नाही. ती आपली माझ्याशी दिवसभर बोलायची आणि मला नुसती पाहत राहायची. साहिल लुडोत फासे लपवून टाकायचा. तो लबाडी करताना दिसला की मी लालबुंद होऊन पट उधळून द्यायची, ओठ थरथरायचे, पण आवाज काही निघायचा नाही. मोठ्याई दारातून पाहायची आणि कामाला लागायची.

मग भुलाबाई बसली. आमच्या विदर्भात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी झाली की खिरापत. पण ती फुकट मिळत नाही, झाकल्या डब्यात काय आहे ते ओळखावं लागतं. डबा हलवायचा, कान लावायचा, गोड का तिखट विचारायचं. मोठ्याईकडे मखर मोठं, आणि खिरापत अशी की पोरींच्या नाकी नऊ यायचे. त्या वर्षी तिनं डबा माझ्या मांडीवर ठेवला. "खिरापत मयुरा सांभाळीन. चूक असली तर मान हलवीन." महिनाभर मी मान हलवली. मला ते काम फार आवडलं होतं, हे आज कबूल करते.

कोजागिरीला दुपारच्या बसनं बाबा आले. रविवारी भगताकडे न्यायचं ठरलंय, असा आजीचा निरोप होता. मोठ्याईनं स्वतःच्या हातानं माझे फ्रॉक घड्या करून पिशवीत भरले. तिचा मला इतका राग आला की मी दिवसभर तिच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी पोरी जमल्या. बाबा दाराशी बसले होते, शेजारी पिशवी. गाणी झाली, ओळखणं सुरू झालं. लाडू? नाही. करंजी? नाही. चिवडा, फुटाणे, गूळ-खोबरं? नाही, नाही, नाही. तेवढ्यात शेजारची कामिनी, अकरा वर्षांची, डबा न हलवता ठसक्यात म्हणाली, "कोहळ्याचे बोंडं!"

बरोबर होतं, डब्यात लाल भोपळ्याची गोड भजीच होती. पण गाणी चालली असताना मी तिला स्वयंपाकघरातून बोटं चाटत बाहेर येताना पाहिलं होतं! मी जोरजोरानं मान हलवली. मोठ्याई मात्र टाळी वाजवून म्हणाली, "व्वा वं कामिनी, काय हुशार पोरगी! पहिलं बोंड तुलेच."

माझ्या डोक्यात काय झालं ते मला अजून सांगता येत नाही.

"खोटारडी!" मी ओरडले. "डबा उघडून पाह्यला हिनं! मी पाह्यलं! हिले काहून देता? नका देऊ हिले!"

पोरी दचकल्या. पण मी कुठली थांबते! साहिलचे लुडोचे फासे, दूध न पिता कुंडीत ओतणं, दीड महिन्याच्या साऱ्या चुगल्या मी एका दमात सांगितल्या. साहिल तोंडाचा आ वासून उभा होता. बाबा पिशवीवर डोकं टेकून रडत होते. मोठ्याईनं मला जवळ घेतलं नाही, ती आधी देवघरात गेली आणि बराच वेळ माथा टेकून राहिली. मग बाहेर येऊन बाबांच्या हातात खिरापत दिली.

"भाऊजी, खाऊन घ्या आन् उद्या एकटेच जा. पोरगी माही आहे आता."

बाबा एकटेच गेले. मी तिच्याकडेच वाढले, शिकले, तिच्याच दारातून सासरी गेले. माझ्या वकिलीच्या सनदेला तिनं देवापुढे ठेवून हळदीकुंकू वाहिलं, तेव्हा मला हसूच आलं. अशी बाई होती आमची. गल्लीत एवढ्या शिकलेल्या माणसांत तिच्या तोडीचं एक माणूस दाखवा मला!

कामिनीला मात्र मी सोडलं नाही. शाळेत तिचं नाव मी 'खोटारडी' पाडलं आणि ते टिकलं. ती कधी उलटून बोलली नाही. तिचं लग्न होऊन ती कामठीला गेली तरी समोर दिसली की मी तोंड फिरवायची. तीस वर्षं.

तेरवीची जेवणं उरकल्यावर तीच माझ्याजवळ येऊन बसली.

"मयुरा, मी चोरून नव्हतं पाह्यलं. मोठ्याईनंच मले आत बोलावून डबा दाखवला."

"काहीतरी बोलू नको," मी म्हटलं. "मोठ्याई? भुलाबाईपुढे लबाडी?"

"मीही तेच म्हटलं तिले. तर म्हणाली, लबाडी पाह्यली की या पोरीच्या ओठावर शब्द येऊन अडकते. आज नाही निघाला तर उद्या छडी आहे तिच्या पाठीवर. पाप लागलं तर मले लागन. तुले फक्त शिव्या लागतीन, खाशीन का? मी म्हटलं, खाईन."

मी तिचा हात घट्ट धरला. मला रडू आवरेना.

"मग एवढ्या वर्षांत एकदा तरी सांगायचं ना गं! मी तुला काय काय बोलले!"

"शपथ घातली होती तिनं. म्हणे, मी आहे तोवर मयुराले कळू देऊ नको. ते आपल्या हिमतीनं बोलली, असंच तिले वाटू दे."