रोशाचा वास

आमच्या नंदुरबारकडे एखाद्या घरातून रोशाच्या तेलाचा वास आला की लोक दारातूनच विचारत, कोणाचे गुडघे? सांधे धरले, कंबर भरली, पाय मुरगळला, की तिळाच्या तेलात थोडं रोशाचं तेल मिसळून चोळायचं आणि वरून शेकायचं. कोणी खरजेला लावी, कोणी बैलाच्या सोललेल्या खांद्याला. पण शेजारीपाजारी वासाचा अर्थ एकच लावत: या घरात कोणाला तरी वाताने धरलंय.

रोशा म्हणजे गवत. पावसाळा सरला की सातपुड्याच्या उतारावर ते फुलावर येई. डोंगरातले लोक कापून भारे आणत आणि माझे वडील डोंगरातल्याच ओढ्याकाठी भट्टी लावत. तांब्याच्या हंड्यात गवताचे तुरे आणि पाणी, झाकणाच्या कडेने उडदाच्या पिठाचा लेप, झाकणातून निघालेली बांबूची नळी थेट ओढ्याच्या गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. तिथे पाण्यावर तेल तरंगे. बरंचसं सुरतेकडे जाई, थोडं घरी राही. गुलाबासारखा पण उग्र असा तो वास आमच्या गोधड्यांना, उशांना, वडिलांच्या टोपीलाही असे. आमची नाकंच मेली होती म्हणा ना. आम्हाला तो येतच नसे.

एका वर्षी मला मुदतीचा ताप आला. वाचले, पण केस गेले. फणी लावली की मूठभर हातात येत. नेमकं तेव्हाच प्रकाशा गावाजवळच्या एका शेतकरी घराशी माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. आईने तर हायच खाल्ली. हे स्थळ मोडलं आणि मोडण्याचं कारण गावभर झालं, तर मग पोरीला विचारणार कोण? कोणीतरी सांगितलं, रोशाने गेलेले केस येतात. झालं! रोज सकाळी ती माझं डोकं असं काही चोळी की डोळ्यांत पाणी यावं.

ती माणसं बघायला आली त्या दिवशीही तिने तेल चुकवलं नाही. खंड पडायला नको म्हणे! पदर डोक्यावरून घट्ट ओढून दिला आणि बजावलं, "मान हालाडू नको." केस झाकले म्हणजे सगळं झाकलं, असं आम्हा दोघींना वाटलं.

नवरा मुलगा आला नव्हता. त्याची गरज नसे तेव्हा. त्याचे वडील आणि आई आले होते. त्याची आई म्हणजे अंगाने भरलेली, बोलायला फटकळ बाई. मी समोर बसले तशी तिने नाक वर केलं.

"हाऊ वास कसाना शे?"

"भट्टीना," माझी आई म्हणाली.

"भट्टी तं डोंगरमा शे ना? पोरना गुडघा धरेल शेतस का?"

आई माझा पदर सारखा करू लागली. काय सांगणार? नाही म्हणावं, तर मग तेल कशाला लावता, हा प्रश्न आलाच. त्या बाईने मला उठ म्हटलं, बस म्हटलं, पुन्हा उठ म्हटलं. भरलेली घागर आणायला लावली, ती घेऊन उकिडवं बसायला लावलं. बाजारातली म्हैस तरी बरी, तिला घागर उचलावी लागत नाही! मी सगळं केलं. तरी तिची खात्री पटेना. "वात लपी ऱ्हास," असं म्हणून तिने नवऱ्याला चला अशी खूण केली.

आईचं तोंड पाहवेना. लाज वाटत होती, पण त्याहून संताप जास्त होता. मी पदर मागे ओढला.

"गुडघा नई, हाई शे," मी म्हटलं.

आईने डोळे मिटून घेतले. ती बाई जवळ आली, माझ्या टाळूवर तळहात ठेवला, हुंगलं आणि मोठ्याने हसली.

"केस ना? केस येतीन वो माय! गुडघा गयात तं परत येतस का?"

तिने तिथल्या तिथे होकार दिला. आई रडली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पण आत कुठेतरी राग राहिला. माझ्यात पसंत केलं ते काय, तर गुडघे.

केस आले. तेलाने आले की ताप जाऊन अंगात रक्त भरलं म्हणून आले, ते मला सांगता यायचं नाही.

लग्न झालं. हळद, उटणी, चार दिवसांची धावपळ यांत माझं नाक धुऊन निघालं असावं, कारण सासरचा उंबरा ओलांडला आणि मला तो वास आला. रोशाचा, ताजा. सासूबाई चुलीपाशी होत्या. भिंतीला हात टेकून त्या उठल्या, अर्ध्यावर थांबल्या, दात आवळून मग सरळ झाल्या. मी बघत होते ते त्यांना कळलं.

"त्या दिन गुडघा बेसन लाईसन धुई टाकेल व्हतात," त्या म्हणाल्या. "तू पदर लिधा, मी बेसन!" आणि पोट धरून हसल्या.

मी काही हसले नाही. इतक्या वर्षांनी लिहिताना हसू येतं, तेव्हा आलं नाही. त्या पाटावर टेकल्या, लुगडं वर सारून दोन्ही पाय लांब केले आणि कोनाड्यातल्या वाटीकडे बोट दाखवलं. मी वाटी घेतली, पारखून आणलेल्या माझ्या गुडघ्यांवर बसले आणि त्यांचे चोळायला घेतले.