दाब शून्य

कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर तेलाचा दाब दाखवणारा एक छोटा पडदा बसवायचं काम माझ्याकडे होतं. त्यामागच्या चिपमध्ये जागा इतकी कमी, की अक्षरं छापायचा नेहमीचा प्रोग्रॅम तिच्यात मावेना. म्हणून मी अगदी लहान प्रोग्रॅम लिहिला. त्याला एक शब्द आणि एक आकडा, एवढंच छापता येई.

तो तपासत असतानाच तेलाची नळी फुटली. गरम तेल भिंतीवर आदळलं, प्रेस धाडकन खाली आली आणि ती चालवणाऱ्या बबनमामांचा हात तिच्याखाली चिरडला. रक्त पत्र्यावरून ओघळू लागलं. दाब पूर्ण उतरल्याशिवाय पहार घालून प्रेस उचलता येणार नव्हती.

"दाब किती?" पहार धरून उभा असलेला मामांचा मदतनीस सलीम ओरडला.

मामा किंचाळत होते. मी पडद्यावरचे उतरते आकडे मोठ्यानं वाचत होतो.

"शून्य. उचल."

सलीमनं सगळं अंग पहारेवर टाकलं आणि मी मामांना मागे ओढलं. माणसाच्या वेदनेला पुष्कळ शब्द लागतात, असं मला वाटे. त्या वेळी मात्र आमच्यापैकी कुणालाच पुरतं वाक्य सुचलं नाही.

दोन बोटं गेली, हात वाचला. दवाखान्यात मामी धावत आल्या आणि माझ्या शर्टावरचं रक्त बघून दारातच थबकल्या.

"आहेत?"

"आहेत."

त्या भिंतीला टेकल्या आणि तिथंच खाली बसल्या.