ताटाच्या डाव्या बाजूचे मामा

पोरांच्या पोटात कच्ची भाजी घालावी तर माझ्या बायकोच्या मामांनीच. या कामात त्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या मावळात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो मामांनीच लहानपणी मुळा खाऊ घालून तयार केलेला असणार. मामा राहतात टाकवे बुद्रुकला. त्यांना मूलबाळ नाही, मामी जाऊनही बरीच वर्षं झाली. त्यामुळे दिसेल ते पोर आपलंच, अशी सोयीस्कर वाटणी त्यांनी करून घेतलेली आहे. माणसाची पारख ते कपड्यांवरून किंवा बोलण्यावरून करत नाहीत, ताटाच्या डाव्या बाजूवरून करतात. तिथली कोशिंबीर ज्याने तशीच टाकली, तो मामांच्या लेखी अर्धवट. लग्नाआधी मला बघायला मंडळी आली, तेव्हा सासऱ्यांनी नोकरीची चौकशी केली आणि मामांनी माझं ताट निरखलं. त्या दिवशी भुकेपोटी मी काकडीची कोशिंबीर चाटूनपुसून खाल्ली होती, हे माझं नशीब. ‘पोरगा चांगला हाय,’ मामा म्हणाले आणि बोलणी पुढे सरकली. सॅलड हा शब्द मात्र त्यांच्यापुढे चुकूनही काढायचा नाही. ‘सॅलड म्हंजी कापून ठिवलेला आळस! ना दाण्याचं कूट, ना फोडणी, ना कुनाचा हात लागलेला.’

मामांना पंगतीत वाढायला उभं करू नये, हे आता सगळी भावकी जाणून आहे. एका पुतणीच्या लग्नात पोरांच्या पंगतीला जिलबी वाढायचं काम यांच्याकडे आलं. मामा जिलबीचं ताट घेऊन पंगतीच्या तोंडाशी उभे राहिले ते हलेनातच. ‘आदी डावीकडचं संपवा, मग उजवीकडचं बगू.’ पोरं बिचारी जिलबीवर डोळे लावून गाजर चावताहेत, आणि तिकडे वरपक्षात कुजबुज सुरू की मुलीकडच्यांची जिलबी संपली! नवरदेवाचे काका रुसून मांडवाबाहेर जाऊन बसले. त्यांची समजूत घालायला मामाच गेले आणि परत येताना निदान घेऊन आले, ‘त्यांनीबी कोशिंबीर टाकलीया. म्हनून तर एवढं कडू झाल्यात.’

मुळ्याचं त्यांचं तंत्र तर चारचौघांत सांगायची सोय नाही. मुळ्याला नाक मुरडणाऱ्या पोराला ते जवळ ओढतात आणि कानात सांगतात, ‘गड्या, किल्ल्यावरची तोफ उडवायची, तर आत दारू भराया नगं?’ आमच्या तळेगावच्या घरी ते राहायला आले होते, तेव्हा बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या पोरांनी मुळा मागून मागून खाल्ला. दुसऱ्या दिवशी वर्गात जी आतषबाजी झाली, तिच्यापायी आयांना शाळेतून बोलावणं आलं. आयांनी माझ्या बायकोला फैलावर घेतलं, बायकोने मला. मामा गॅलरीतून शांतपणे म्हणाले, ‘पोरांची पोटं साफ झाली का न्हाई, त्ये इचारा की!’

पण त्यांचा हुकमी डाव म्हणजे चोरी. ‘वाढल्यालं पोर खात न्हाई, चोरल्यालं टाकत न्हाई,’ हे त्यांचं तत्त्वज्ञान. सुट्टीत पोरं शेतावर आली, की काकडीच्या वेलांकडे बोट करून मामा दरडावतात, ‘तिकडं फिरकायचं न्हाई! तंगडी तोडीन!’ आणि खुशाल पाठ फिरवून बसतात. पानं खसफसली की मधूनच ‘कोन हाय रं तितं?’ असं ओरडतात, म्हणजे चोरीची लज्जत टिकते. एका वर्षी पोरांच्या अंगात ही विद्या इतकी भिनली, की मामांचा वेल संपवून ती बांधापलीकडच्या शेतात घुसली. शेजारी तणतणत आला. ‘भाऊ, तुमच्या पोरांनी माजा वेल पार बोडका केला!’

‘कच्च्याच खाल्ल्या?’ मामांनी विचारलं.

‘मग चोर काय शिजवून खात्यात व्हय?’

‘सालीसकट?’

शेजारी गोंधळला. ‘व्हय, सालीसकट.’

मामांनी त्याला कडकडून मिठीच मारली. भांडायला आलेला माणूस चहा पिऊन, वर दोन मुळे घेऊन घरी गेला.

अशा या दिग्विजयी माणसाला पाणी पाजलं ते आमच्या लेकीने, ओवीने. ती दुसरीत आहे, आणि कच्चं काही तोंडात घालायचं म्हटलं की दातखीळ बसते. तोफेची गोष्ट ऐकून ती मामांना ‘शी, आबा!’ म्हणाली. चोरीचा डाव तर पारच फसला. मामा पाठ करून बसलेले, बाकीची पोरं वेलात, आणि ही हाताची घडी घालून त्यांच्या शेजारी उभी. ‘आबा, तुम्ही नको म्हणालात ना, म्हणून मी नाही घेतली.’ आता सांगा, या गुणी पोरीपुढे कोण काय करणार?

मामा इरेला पेटले. गेल्या आषाढात आमच्या घरी कांदाभज्यांची ताटली समोर आली, ती त्यांनी लांब सारली. ‘ही पोरगी आपल्या हातानं, आवडीनं काकडी खाईल, त्या दिवशी मी भजी खाईन. तवर न्हाई.’ भर पावसाळ्यात भजी सोडणं म्हणजे काय असतं, ते मावळातल्या माणसालाच विचारा. त्यातून मामांचा भज्यांवर भारी जीव. रुसले की मामी म्हणे भजीच तळायच्या. आम्ही समजावलं, बायको रागावली, पण म्हातारा ढिम्म. कढईचा वास आला की उठून गॅलरीत जायचा आणि रस्त्यावरच्या गाड्या बघत उभा राहायचा. मला आधी हसू यायचं, नंतर येईना.

या पावसाळ्यात आमच्याकडे आलेले मामा एकदा असेच उठून गेले, तेव्हा ओवीने आईला विचारलं, ‘आबांना भजी आवडत नाहीत का?’ बायकोने खरं काय ते सांगून टाकलं. ओवी तडक उठली. स्वयंपाकघरात गेली, काकडीची एक चकती उचलली आणि गॅलरीत मामांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. नाक चिमटीत धरलं, डोळे घट्ट मिटले आणि चकती तोंडात टाकली. चावताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने गिळली.

‘आवडली व्हय?’ मामांनी विचारलं.

‘हो.’

‘लय?’

‘लय,’ ओवी म्हणाली आणि तिला उमासा आला.

गाजर गालात दडवून ‘खाल्लं’ म्हणणारं पोर लांबून ओळखणारा हा माणूस. त्यातून आवडीनं खाण्याची अट त्याचीच! मला वाटलं, आता बोलणार, ‘खोटं चालायचं न्हाई.’  मामा मात्र आत वळून माझ्या बायकोला म्हणाले, ‘बाई, भजी आन.’

ते गॅलरीतच खाली बसले आणि पहिलं भजं मोडून अर्धं त्यांनी ओवीच्या हातात दिलं. स्वतःचं अर्धं हातात तसंच धरून मला म्हणाले, ‘पोरांनी माज्या धाकानं खाल्लं, चोरून खाल्लं, जिलबीच्या आशेनं खाल्लं. निस्तं माज्यासाठी आजवर कुनी खाल्लं नव्हतं, बाबा.’ आणि मग भजं तोंडात टाकलं. ओवी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून तिथेच झोपून गेली, आणि पायाला मुंग्या आल्या तरी मामा जागचे हलले नाहीत.