तांबूल हातातच राहिला

खरं सांगते, माहूरला निघाले तेव्हा माझ्या मनात भक्ती नव्हती, नुसता शीण होता. सार्थक अकरा महिन्यांचा असताना त्याला तापात पहिला झटका आला. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, ओठ निळे पडले. हे तापातले झटके आहेत, बहुतेक लेकरांचे पाच-सहा वर्षांपर्यंत आपोआप थांबतात, असं नांदेडच्या डॉक्टरांनी समजावलं. सासूबाईंनी त्याच दिवशी नवस बोलला की याचं जाऊळ माहूरला, रेणुकामातेपाशी काढू. माझा मात्र धड डॉक्टरांवर भरवसा बसला नाही, धड देवीवर. पुढचे सहा महिने मी त्या लेकराच्या कपाळावर हात ठेवूनच काढले. भाजी फोडणीला टाकली की थर्मामीटर, कपडे वाळत घातले की थर्मामीटर. घरात कुणी मोठ्यानं हसलं तरी मला राग यायचा.

जाऊळ मामाच्या मांडीवर काढतात. माझ्या भावानं दोनदा सुट्टी काढली आणि दोन्ही वेळा सार्थकच्या तापानं बेत मोडला. तिसऱ्या वेळी, आमच्या हदगावहून जीप निघायच्या सकाळी, त्याचं अंग मला पुन्हा कढत लागलं. मी गुपचूप औषध पाजलं आणि कुणालाच काही सांगितलं नाही. एकदाचा नवस फिटू दे, असं झालं होतं मला. ही चूक माझीच.

जाऊळ नीट झालं, दर्शनही झालं. देवीला दाखवलेला तांबूल, म्हणजे कुटलेला विडा, प्रसाद म्हणून माझ्या हातात होता. भर दुपारी पायऱ्या उतरताना सार्थक भावाच्या कडेवरच ताठ झाला. लोक गोळा झाले. कुणी चप्पल हुंगवा म्हणालं, कुणी कांदा आणा म्हणालं. दातखीळ बसली म्हणून सासूबाई पिशवीतला चमचा शोधू लागल्या. आणि मी, जी इतके महिने देवीशी एक शब्द बोलले नव्हते, चिमूटभर तांबूल घेऊन त्याच्या दातांच्या फटीत कोंबायला निघाले. तोच कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं. आम्ही जिथून तांबूल घेतला, त्या बाजूच्या दुकानात कुटत बसलेली बाई होती ती.

"तोंडात काई घालू नको, माय," ती म्हणाली. "म्याच कुटलेला हाय त्यो. पर आत्ता नको, नरड्यात अडकंल."

"अगं, देवीचा परसाद हाय," सासूबाई म्हणाल्या.

"लेकरू बी देवीचंच हाय की. कुशीवर घ्या त्याला. चमचा ठेवा तो."

तिनं दुकानाच्या सावलीत पोतं अंथरलं, त्याला कुशीवर निजवलं, गळ्याची गुंडी सोडली आणि भावाला घड्याळ बघायला बसवलं. तिच्या लेकीलाही लहानपणी असंच व्हायचं, दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला हे शिकवलं होतं. मी त्याचे हात दाबायला गेले तर म्हणाली, "दाबू नको. नुसती बस."

नुसतं बसणं मला येतच नव्हतं. तरी बसले. काही मागितलं नाही. मी थकले गं आई, आता तू बघ, एवढंच मनात आलं. तीन मिनिटं व्हायच्या आत त्याचं अंग सैल पडलं आणि तो रडला. आम्ही तसेच दवाखान्यात धावलो. घसा सुजला होता, दुसरं काही नव्हतं. झटक्यात तोंडात काही घातलं नाही हे बरं केलंत, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला रडू फुटलं. संध्याकाळी आभार मानायला गेले, तर त्या बाईनं गिऱ्हाईक करता करताच लेकरू कसं आहे ते विचारलं आणि पुन्हा कुटायला लागली. तिला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. मला माहीत आहे ते पुरे.

गेल्या महिन्यात त्याला पुन्हा झटका आला. आम्ही दोघींनी त्याला कुशीवर घेतलं. सासूबाई घड्याळाकडे बघत मिनिटं सांगत राहिल्या. भीती वाटलीच, ती जात नाही. पण मी माझे रिकामे हात मांडीवर ठेवले आणि लेकराकडे बघत बसले. तेवढीच पूजा मला येते, आणि ती देवीला पोचते.