कोळशाचं टिंब

चांगुणामावशी रोज सकाळी खुराड्यातून अंडी काढायच्या आणि चुलीतल्या कोळशाने त्यातल्या काहींवर टिंब द्यायच्या. टिंबाचं अंडं घरचं, बिनटिंबाचं विकायचं. भिवपुरीजवळच्या त्यांच्या गावात बायकांना कोंबड्या वाटल्या होत्या त्या मीच, आमच्या संस्थेतर्फे. अंडी फार्महाऊसवाल्यांना विकायची, घरात चार पैसे येतील, गरिबी हटेल, असं माझं सरळ गणित. या टिंबांनी ते पार बिघडवलं.

एकदा पाहुणे येणार म्हणून फार्महाऊसचा मॅनेजर दुप्पट भाव देत होता. मावशींनी बिनटिंबाची तेवढी दिली. ती कमी पडली, तरी टोपलीतली टिंबाची सात अंडी जागची हलेनात. मी चिडले. "अहो मावशी, लक्ष्मी दारात उभी आहे!"

"इकायची हायत गं बाय, पन सगळी नाय."

आत त्यांची सून वैशाली पडून होती. तिचं पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं. आता पुन्हा सहावा महिना, आणि अंगात रक्त नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं.

"म्हणून तर विका म्हणते. त्या पैशात तिला फळं, औषधं येतील."

"पैसा आला का त्याला वाटा फुटतात गं. पोराचं पेट्रोल, रिचार्ज, कुनाच्या लग्नाचा आहेर. सुनंपर्यंत पोचतोय कुटं? अंडं मी तिच्या म्होरं बसून तिला चारते."

बाजाराशी त्यांचं वाकडं होतं असंही नाही. बिनटिंबाच्या अंड्यांवरच त्यांनी गळक्या छपराला पत्रे घातले. भाव करताना तर त्या मॅनेजरला घाम फोडायच्या.

तरी अहवालात मी त्यांच्या नावापुढे 'असमाधानकारक' लिहिलं. पहिला नंबर शेजारच्या घराला दिला. तिथे एकूण एक अंडं विकलं जायचं. अभिनंदन करायला गेले, तर तिथली काडीसारख्या हातांची मुलगी मोठ्या अभिमानाने म्हणाली, "आमी नाय खात अंडी. आमची इकायची असतात." माझ्या तक्त्यात खाल्लेल्या अंड्यांसाठी रकानाच नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वैशालीला मुलगी झाली. धडधाकट, रडून घर डोक्यावर घेणारी. मावशी एवढंच म्हणाल्या, "हे पन लिव तुज्या कागदात." मी लिहिलं. वरच्यांनी ती ओळ काढून टाकली. पुढच्या वर्षी मात्र मी प्रत्येक घरात आधी घरची अंडी वेगळी काढायला लावली, त्यासाठी साहेबांशी भांडले.

गेल्या माघात मावशी गेल्या. भेटायला गेले तेव्हा वैशालीची लेक ओट्यावर कोंबड्यांना दाणे टाकत होती. निघताना वैशालीने फडक्यात बांधून चार अंडी दिली. नेहमी विकतच घ्यायचे, म्हणून मी सवयीने पर्स उघडली.

"ताई, बघा तरी आधी."

फडकं सोडलं. चारही अंड्यांवर कोळशाचं टिंब होतं.

"आई सांगून गेल्यात, ताई आली का टिंबाची द्यायची. टिंबाच्या अंड्यांचं पैसं नाय घेत आमी."